गोडघाश्याची बाजू

आपल्याकडे ‘ड्राय’ म्हटलं की दुकानाचं ओढलेलं शटर आणि 2 ऑक्टोबर आठवतो. वाईनच्या जगात मात्र हाच शब्द पदवीसारखा मिरवला जातो. ‘मी ड्रायच घेतो’ म्हणणारा जाणकार ठरतो, आणि ‘मला जरा गोड चालते’ म्हणणाऱ्याकडे प्रसादाचा शिरा तिसऱ्यांदा मागणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. मी महिन्याकाठी एखादा ग्लास घेणारा हौशी माणूस. माझ्या आवडीची यादी पोर्ट, मदेरा, सोतर्न, तोकाय अशी सगळी गोडाधोडाची आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. गोड वाईन आवडणं ही कच्च्या जिभेची खूण नव्हे. कोरडेपणाचा तोराच मुळात अलीकडचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा शँपेनचाच घ्या. एकोणिसाव्या शतकात शँपेन चांगली गोड असे, आणि रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत तर साखरेचा हात फारच सैल सुटे. पोमेरी घराण्याने इंग्रज गिऱ्हाइकांसाठी 1874 सालची शँपेन कोरडी काढली आणि तिथून ‘ब्रूट’ म्हणजे कोरड्या शँपेनचा बोलबाला वाढत गेला. म्हणजे जे सोवळं सनातन म्हणून पाळलं जातं, त्याचं वय जेमतेम दीडशे वर्षं. त्याआधी, 1855 साली, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची प्रतवारी लावली गेली. तेव्हा पहिल्या वर्गाच्याही वरची खास पायरी लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही याद्यांत मिळून एकाच वाईनला मिळाली: सोतर्नची शातो दिकेम, आणि ती गोड. तिची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. सिरॉन नदीवरून उठणाऱ्या धुक्यामुळे द्राक्षांवर बुरशी धरते, सालीला बारीक छिद्रं पडतात, पाणी उडून जातं आणि मागे उरतो तो राखाडी, सुरकुतलेला, एरवी कुणीही फेकून दिला असता असा मणी. तोडणारे एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा येतात आणि तयार झालेले तेवढेच मणी वेचतात. शेवटी एका वेलीमागे हाती लागतो साधारण एक ग्लास. एवढ्या खटाटोपाला पोरकट म्हणायचं, तर मोठ्यांचं काम कोणतं?

पोर्टची युक्ती वेगळी. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात द्राक्षं तुडवून रस आंबायला ठेवतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत सुटतं. काम निम्म्यावर आलं की त्यात साधारण 77 टक्के अल्कोहोलचा द्राक्षांचाच अर्क ओततात. कामगार जागीच गारद आणि उरलेली साखर शाबूत! पोर्टचा गोडवा वरून घातलेला नसतो, तो वाचवलेला असतो. मदेरा तर याहून नामी. भारताकडे येणाऱ्या जहाजांवर ही पिंपं चढत, जहाजाच्या तळाशी उष्ण कटिबंधाचा उकाडा सोसत, आणि न खपलेली मदेरा बेटावर परत गेली की तिथल्या लोकांच्या लक्षात येई की माल बिघडण्याऐवजी सुधारला आहे. मग त्यांनी तो उकाडा घरीच बनवला. आजही काही मदेरा तीन महिने 45 ते 50 अंशांवर तापवत ठेवतात. उन्हाळ्यात मुरांबा उन्हात ठेवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आता आक्षेप. पहिला असा की साखर दोष झाकते. झाकते, हे मान्य. आपल्याकडे ‘पोर्ट वाईन’ नावाने मिळणाऱ्या काही स्वस्त बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या चुलत बहिणी असतात. त्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. पण आमटीत गूळ आहे म्हणून डाळ वाईट असणार, असं कुणी म्हणत नाही. गुळासोबत चिंच आहे की नाही, एवढंच बघायचं. तोकायमध्ये साखर भरपूर, पण आंबटपणाही तितकाच धारदार, म्हणून घोट जिभेवर चिकटून बसत नाही. त्यात हंगेरीच्या राष्ट्रगीतातच तोकायच्या द्राक्षवेलींचा उल्लेख आहे, तेव्हा बुडापेस्टमध्ये तिला बाळबोध म्हणण्याआधी दारं कुठे आहेत ते पाहून ठेवावं. दुसरा आक्षेप, फार गोडाने तोंड मिटतं. यात तथ्य आहे. उन्हात वाळवलेल्या पेद्रो हिमेनेझ द्राक्षांची शेरी इतकी दाट असते की ती ग्लासात घेण्यापेक्षा व्हॅनिला आईस्क्रीमवर ओतलेली बरी. तिसरा आक्षेप म्हणजे या वाईन चढतात. पोर्ट 19-20 टक्क्यांची असते हे खरं, पण म्हणूनच तिचा ग्लास लहान असतो. मधुमेह्यांचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. तिथे मी हात जोडतो.

याचा अर्थ कोरडं ते सगळं वाईट असा नाही. फिनो शेरी ठणठणीत कोरडी असते आणि खारवलेल्या बदामांबरोबर ती छान जाते, हे मी कबूल करतो. पसंतीच विचारलीत, तर रुबी पोर्टपेक्षा पिंपात मुरलेली वीस वर्षांची टॉनी पोर्ट बरी, आणि टॉनीपेक्षा मदेरा. यामागे चवीपलीकडचं एक हिशेबी कारणही आहे. कोरडी बाटली उघडली की तीन-चार दिवसांत संपवावी लागते, नाहीतर ती व्हिनेगरच्या वाटेला लागते. म्हणजे ‘कधीतरी एखादा ग्लास’ म्हणणाऱ्याला ती घाईने पुरा पिणारा करून सोडते. मदेराची उघडलेली बाटली मात्र कपाटात महिनोन्महिने जशीच्या तशी राहते.