पाव किलो लोणी

कॅलरी मोजत मोजत फ्रेंच स्वयंपाक शिकणं म्हणजे मुहूर्त बघून एकादशीलाच पुरणपोळ्यांचा घाट घालणं. फ्रेंच शेफ ज्योएल रोबुशाँ यांची बटाट्याची प्युरे जगप्रसिद्ध आहे. कृती सोपी: एक किलो बटाट्याला पाव किलो लोणी. शंभर ग्रॅम लोण्याच्या साधारण ७१७ कॅलरी, म्हणजे पाव किलोच्या जवळजवळ १,८००. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला १,४०० मंजूर केल्यात. बटाटे अजून धरलेलेच नाहीत.

सध्या आमच्या ओट्यावर दोन गुरू नांदतात. एक ज्युलिया चाइल्ड. दोन मैत्रिणींबरोबर लिहिलेलं त्यांचं १९६१ सालचं जाडजूड पुस्तक अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवून गेलं. ज्युलियाबाईंचा लोण्यावर फार जीव. दुसरे मिशेल गेरार, फ्रेंच शेफ. यांचं लग्न ठरायच्या सुमारास होणाऱ्या बायकोने म्हणे त्यांना सुचवलं, की जरा बारीक झालात तर बरे दिसाल. आपल्याकडचा नवरदेव रुसून बसला असता. मिशेलराव नैऋत्य फ्रान्समधल्या युजेनी-ले-बँ या गरम झऱ्यांच्या गावी गेले, हलक्या जेवणाची नवी पद्धतच उभी केली आणि १९७६ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. वर्षभरात तिसरा मिशेलिन तारा! आमच्या बिल्डिंगमध्ये वजन उतरलं तर फक्त ‘आजारी होतीस का?’ एवढंच विचारतात.

आता मला पटलंय ते असं, की फ्रेंचांची करामत लोण्यात नाहीच. ती सुरीत आणि आचेत आहे. गाजराच्या काडेपेटीतल्या काड्यांहून बारीक काड्या केल्या तर कॅलरी वाढत नाहीत (बोटाला पट्टी लागते, पण पट्टीला कॅलरी नसतात). स्टीलच्या पॅनमध्ये चिकन परतलं की तळाशी तपकिरी खरपुडी धरते. आमचे हे ती बघताच पॅन साबणाच्या पाण्यात बुडवायला धावतात. त्यांना कोपराने थोपवायचं, चिकन आणि सुटलेली चरबी बाहेर काढायची, पॅनमध्ये डावभर स्टॉक ओतायचा. चर्र आवाज होतो. लाकडी उलथन्याने तळ खरवडला, की दोन मिनिटांत गडद, खमंग सॉस तयार. कॅलरी नावापुरत्या. इथे मिशेलराव थांबतात. ज्युलियाबाई मात्र गॅस बंद करून हळूच सांगतात, आता गार लोण्याचे तुकडे घाल. एक टेबलस्पून, म्हणजे शंभर कॅलरी. लोणी मोजायला मी चहाचा चमचा घेते. ज्युलियाबाई काही उठून बघायला येत नाहीत.

मग रविवारी ‘आँ पापियोत’, म्हणजे कागदात बांधून मासा. बदामाच्या आकाराचा कागद, त्यावर रावसाचा तुकडा, गाजराच्या काड्या, लिंबाची चकती, मीठ, मिरपूड. कडेने एकावर एक चुण्या घालत पुडी घट्ट बंद करायची आणि २०० अंशांवर बारा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायची. मासा स्वतःच्याच वाफेत शिजतो. तेल शून्य.

स्टुलावर बसून सासूबाई बघत होत्या. “कागद कशाला गं? आम्ही केळीच्या पानात करायचो.”

“आई, हे फ्रेंच आहे.”

“बरं. मसाला कधी लावणार?”

“नाही लावायचा.”

“आजारी कोण आहे?”

पुड्या फुगून टम्म झाल्या. ताटात ठेवून कात्रीने कापल्या तशी लिंबाची वाफ उठली आणि जरा वेळ कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे ही मोठी पावती. मासा मऊसूत, काट्याने पाकळ्या सुटाव्यात तसा. तळाशी चार चमचे पातळसर, आंबटगोड रस.

घात त्या रसाने केला. “हे टाकायचं?” म्हणत सासूबाईंनी लादीपाव मागवला. ह्यांनी तीन पाव पुसून खाल्ले, सासूबाईंनी दोन. मी एक आणि मग चव नीट कळली नाही म्हणून आणखी एक. एका पावाच्या शंभर कॅलरी तरी धरा. यावर मिशेलरावांचं काय म्हणणं आहे, ते मी पुस्तकात शोधलं. लादीपावाचा साधा उल्लेखही नाही. ज्युलियाबाईंनी निदान लोणी लावून खा म्हणून सांगितलं असतं.