धुऱ्याचं भांडण

विदर्भात दोन भावांत वैर यायला फार काही लागत नाही. वीतभर धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुरतो. स्पीकरच्या खोक्यातही तेच. टू-वे खोक्यात दोन भाऊ नांदतात. खाली थोरला वूफर, वर धाकटा हॉर्न. थोरल्याची जमीन कुठे संपते आणि धाकट्याची कुठे सुरू होते, त्या आकड्याला क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी म्हणतात. बेस थोरल्याचा आणि झांजा धाकट्याच्या, याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पंचाईत एवढीच की माणसाचं बोलणं बरोबर धुऱ्यावर येतं.

आमच्या राजुरात वूफर 15 इंचीच लागतो. एका बाजूला कोळशाचे ट्रक, दुसऱ्या बाजूला चुन्याच्या भट्ट्या. इथे आवाज कानाने ऐकण्याची पद्धत नाही, छातीने ऐकतात. भजनी मंडळाने एकदा 12 इंचीचा विषय काढला, तर लोक काळजीने विचारू लागले, "काऊन बाप्पा, वर्गणी कमी आली काय?" मला डाग मारता येतो, म्हणजे सोल्डरिंग करता येतं, एवढ्या पात्रतेवर खोक्याच्या आतलं खातं माझ्याकडे आलं. बाहेरचं खातं, म्हणजे रंग, जाळी आणि नावं, अध्यक्षांकडे.

आता थोरल्याची अडचण ऐका. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो. आमच्याकडे मे महिन्यात थोडा जास्तच. त्या उन्हात त्यालाही लवकर घरी पोचायचं असतं. म्हणजे 1000 हर्ट्झची लाट झाली 34 सेंटिमीटरची. 15 इंची वूफरचा हलणारा कागदही जवळजवळ तेवढाच, 33 सेंटिमीटर. लाट कागदाहून बरीच लांब असते तोवर आवाज चौफेर पसरतो. दोघांची बरोबरी झाली की तो आकसू लागतो. 1000 हर्ट्झला तो साधारण 90 अंशांत मावतो आणि 2500 ला जेमतेम 33 अंशांत. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांना सगळं ऐकू येतं, कडेच्या सतरंजीवरच्यांना फक्त धमधम. वूफर जितका मोठा, तितक्या लवकर त्याने वरचं शेत सोडावं, असा हा हिशेब आहे. पण कोणत्या थोरल्याने आजवर राजीखुशीने जमीन सोडली आहे?

सोडली, तरी धाकट्याला ती झेपली पाहिजे. धुरा एक सप्तक खाली सरकवला, तर तेवढ्याच आवाजासाठी हॉर्नमागच्या ड्रायव्हरच्या पातळ पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, चौपट हलावं लागतं. स्वस्तातला ड्रायव्हर 1000 हर्ट्झवर जुंपला, तर पहिल्या गजरातच डायफ्राम उडतो. शिवाय एवढ्या खालचा आवाज 90 अंशांत धरून ठेवायचा, तर हॉर्नचं तोंड फूटभर रुंद हवं. अमेरिकेत 'अल्टेक लॅन्सिंग'ने 1945 पासून सिनेमा थिएटरांसाठी 'व्हॉइस ऑफ द थिएटर' नावाचे स्पीकर काढले. त्यातल्या ए-7 मध्ये 15 इंची वूफरला 800 हर्ट्झवरच थांबवलं होतं. दुसऱ्या एका प्रकारात तर 500 वर. त्यासाठी डोक्यावर मात्र परातीएवढा हॉर्न बसवला होता. धाकट्याला जमीन द्यायची तर बैलजोडीही द्यावी लागते, हे त्या लोकांना कळलं होतं.

मंडळाच्या जुन्या खोक्यात वूफरला सरळ तार होती आणि हॉर्नला 4.7 मायक्रोफॅराडचा एकच कपॅसिटर. 8 ओहमच्या ड्रायव्हरला हा कपॅसिटर सुमारे 4200 हर्ट्झला धुरा घालून देतो. क, च, त, प ही व्यंजनं ज्याने वेगळी ओळखू येतात, तो मसाला बराचसा 2000 ते 4000 च्या पट्ट्यात असतो. तो सगळा थोरल्याच्या तावडीत, आणि थोरला तर फक्त समोर बघून बोलणारा!

त्याचा परिणाम भागवत सप्ताहाच्या काल्याला दिसला. एक पोरगं हरवून स्टेजजवळ रडत होतं. माइकवरून पुकारा झाला, "याच्या काकूले आणा, लवकर आणा!" समोरच्यांनी काकू ऐकलं आणि शोध सुरू केला. मंडपाच्या कडेला स्वयंपाकाचा तळ होता, तिथे चाकू ऐकू आलं. आचाऱ्याने कोहळा तसाच टाकला आणि पोऱ्याला पिटाळलं. पोऱ्या हातात सुरा घेऊन थेट स्टेजवर चढला. महाराज त्या वेळी देहाच्या नश्वरतेवर बोलत होते. तो विषय त्यांनी तिथेच आवरता घेतला.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, चांगला ड्रायव्हर, फूटभर तोंडाचा हॉर्न आणि नीट क्रॉसओव्हर घेऊ. धुरा 1200 वर आणू."

"त्यापेक्षा अजून एक 15 इंची ठेवला तर?"

"मग चाकू दुप्पट जोरात ऐकू येईल."

आमच्या मेकॅनिकने मध्ये तोंड घातलं, "भाऊ, वूफरले कायले अडवून राह्यले? जेवढं वाजते तेवढं वाजू द्या ना!"

मी लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांची गोष्ट सांगितली. 1976 मध्ये त्यांनी असा क्रॉसओव्हर मांडला की धुऱ्यावर दोघेही भाऊ 6 डेसिबलने मागे सरतात आणि तरी दोघांची बेरीज पुरी भरते. दोघेही मागे सरतात, हे ऐकून बैठकीत हशा पिकला. ज्यांच्या केसेस वणीच्या कोर्टात चालू होत्या, ते जास्त हसले.

खरी अडचण पैशांची नव्हती, जागेची होती. आमच्याकडे देणगी देणाऱ्याचं नाव लागतं. पंख्याच्या पात्यावर लागतं, घड्याळाच्या काचेवर लागतं, पायरीवरही लागतं. 15 इंची वूफरच्या जाळीवर तर दोघांची नावं, गावासकट बसतात. कपॅसिटरवर काय लिहिणार? तोही खोक्याच्या आत, अंधारात! गुप्तदानाची थोरवी महाराजांनी सात दिवस सांगितली होती, पण ती कडेच्या सतरंजीवर पोचली नसावी.

शेवटी एक गृहस्थ वडिलांच्या स्मरणार्थ काही द्यायला आले. वूफरच्या जाळ्या भरल्या होत्या. त्यांनी सहा इंची हॉर्न हातात घेऊन, फिरवून पाहिला. "यावर कै. लिहून झालं की जागा संपते," ते म्हणाले. "रुंद तोंडाचा नाही काय?"

मी फूटभर रुंदीचा दाखवला. त्याच्या ओठावर वडिलांचं पूर्ण नाव, आडनाव आणि 'राजूर कॉलरी' एवढं ऐसपैस बसलं. ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरचे पैसेही त्यांनीच दिले, कारण नाव लागलेली वस्तू मुकी राहणं त्यांना पटेना. धुरा 1200 वर आला. जगभरचे इंजिनिअर लाटेची लांबी मोजून हा आकडा ठरवतात. आम्ही देणगीदाराच्या नावाची लांबी मोजली, आणि उत्तर तेच आलं.