पानवाला

पूर्वी प्रॅक्टिस फक्त डॉक्टर आणि वकील करत. आता आमच्या वरच्या मजल्यावरचा डिझायनरही करतो. ‘सध्या माझी प्रॅक्टिस पानगळीकडे वळली आहे,’ असं तो लिफ्टमध्ये म्हणाला, तेव्हा मी केसांबद्दल समजून आवळ्याचं तेल सुचवलं. त्याचं प्रेरणास्थान निसर्ग. सोसायटीत त्याला पानवाला म्हणतात.

रोज सकाळी तो वेताळ टेकडीवर जातो. लोक तिथे साखर उतरवायला जातात, हा ओणवा होऊन गिरिपुष्पाचा पाचोळा चाळतो. झाडावरचं टवटवीत पान त्याला चालत नाही. किडीनं खाल्लेलं, कडेनं करपलेलं दिसलं, की ‘काय टेक्स्चर आहे!’ म्हणून खिशात. मंडईत सूर्यफूल हातात घेतलं, की मधल्या बियांच्या रांगा मोजायला लागतो. एकीकडून ३४, दुसरीकडून ५५. फूलवाल्या मावशींनी विचारलं, ‘घ्यायचंय का मोजायचंय?’

त्याच्याबरोबर मुंबईला जाऊ नये. बोरीबंदरला पोचलो, की हा रस्त्यावरच मान वर करून उभा. १८७८ साली बांधायला घेतलेल्या त्या इमारतीवर जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी माकडं, मोर, वेलबुट्टी कोरली आहे, आणि प्रत्येक माकडाशी याची जुनी ओळख. डेक्कन क्वीन मात्र ५.१० ला सुटते. ती आम्ही दोनदा सुटताना पाहिली.

घरात त्याच्या बरण्या आहेत. एकीत हिरडा, एकीत मंजिष्ठा, आणि एकीत गंजके खिळे गुळाच्या पाण्यात मुरत घातलेले. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर ते पाणी लावलं, की छान काळा उमटतो. हे खरं आहे, मी पाहिलंय. पण बरणी लोणच्याच्या फळीवर असते, आणि त्याची बायको पाहुण्यांना स्वतः वाढते.

एका उन्हाळ्यात त्यानं हळदीत रंगवलेल्या ओढण्या गच्चीत वाळत घातल्या आणि विसरला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे कोणत्याही धोबिणीनं सांगितलं असतं. चौथ्या दिवशी ओढण्या वरणाच्या निवळीसारख्या झाल्या. प्रदर्शनात त्या ‘मावळतीच्या छटा’ या नावानं दीडपट किमतीला गेल्या. एक आमच्या हिनंही घेतली.

खरी झळ बसली त्याच्या आईच्या मोदकपात्राला. रेशमावर निलगिरीची पानं मांडायची, गुंडाळी सुतळीनं करकचून बांधायची, वाफवायची, की पानाचा केशरी ठसा उमटतो. सबंध आषाढ मोदकपात्र या कामी होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते चिंच लावून तीनदा घासलं, तरी त्या वर्षी प्रसाद खाऊन माझी सर्दी गेली.

यंदा काकूंनी पात्र कुलपात ठेवलं होतं. मी दर्शनाला गेलो तेव्हा हळदीच्या पानावर वाफवलेले मोदक नुकतेच उतरत होते. पानवाल्यानं एक उचलला आणि उलटा केला. बुडाला पानाच्या शिरा रेघ न् रेघ उमटल्या होत्या. त्यानं तो खिडकीशी उजेडात धरला, फोन काढला, चार फोटो घेतले.

‘आई, ही टेक्निक तू कुठे शिकलीस?’

‘गिळ आधी,’ काकू म्हणाल्या, ‘तूप थिजतंय.’