वेतन नियमानुसार, खर्च निरंक

आमच्याकडे रक्कम जितकी लहान, तितकी पारदर्शकता मोठी. पटत नसेल तर जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा. पट शंभराच्या आत असेल तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला जास्तीत जास्त 25,000 रुपये, त्यातलेही निदान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, खडू आणि नळाची तोटी. तोटी दोनदा, कारण पहिली चोरीला गेली. गुरुजी फिनेलच्या बाटलीचीसुद्धा पावती फायलीला लावून ठेवतात. ठेवावीच लागते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यातल्या एखाद्याचं किराणा दुकान असतं आणि त्याला फिनेलचा भाव तोंडपाठ असतो.

आता रस्ता ओलांडून ग्रामपंचायतीत या. इथे वित्त आयोगाचे लाख मोजायचे असतात, म्हणून फलक काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई साहेबांबरोबर आणि साहेब पंचायत समितीत मीटिंगला. काचेला नाक लावलं की एवढं वाचता येतं: ‘खर्च: निरंक’. खाली सही ग्रामसेवकाची. 2024 मध्ये या पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण ती बातमी अजून काचेच्या आत पोचलेली नाही.

“अहो, सगळं ऑनलाइन आहे,” ग्रामसेवक भाऊसाहेब सांगतात. आहे, खरंच आहे! 2020 पासून ई-ग्रामस्वराजवर कुणीही गावाचा आराखडा बघू शकतो. ‘रस्ता दुरुस्ती’, पुढे रक्कम, पुढे ‘पूर्ण’. कुठला रस्ता, हे ग्रामसभेत विचारायचं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून जाणती मंडळी पहिल्या सभेला फिरकतच नाहीत. ठराव दुसऱ्या सभेत होतात, चहाही तेव्हाच असतो.

पगारांचं तर विचारूच नका. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी आपण होऊन जाहीर करायच्या, त्याही 120 दिवसांत. दहावी बाब प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याच्या मासिक वेतनाची. कार्यालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ उघडते, पान आडवं स्कॅन केलेलं. मान खांद्याला टेकवून वाचलं की कळतं: ‘मासिक वेतन: शासन नियमानुसार’. सतराही बाबी भरल्या, एकही फुटली नाही. याला प्रशासकीय कौशल्य म्हणतात.

मग अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि महाराष्ट्रात तो 150 शब्दांत मांडायचा. उत्तराला शब्दमर्यादा नाही, पण तिथे सरकार स्वतःहून संयम पाळतं: ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.’ नाहीतर ‘वैयक्तिक माहिती’ आहेच. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने ही पळवाट इतकी रुंद केली आहे की तीतून पगारपत्रकांची भरलेली ट्रॉली सुखरूप जाईल.

गंमत म्हणजे हीच वैयक्तिक माहिती अख्ख्या गावाला ठाऊक असते. लग्न जमवणारे अण्णा घ्या. मुलगा नोकरीला आहे म्हटलं की बेसिक किती, महागाई भत्ता धरून हातात किती, सोसायटीचं कर्ज किती कापून जातं, हे ते पोह्यांच्या आधी सांगतात. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे शिक्षण खात्याआधी मुलींच्या बापांना समजलं होतं. अण्णांकडे अर्ज लागत नाही, तीस दिवसांची मुदत नाही. पहिलं अपील मुलीच्या आत्याकडे, आणि तिचा निकाल त्याच दुपारी.

2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे ज्यावर शिक्षकांचा पगार निघतो त्या आयडीचं, प्रकरण उघडकीला आलं. अपात्र लोकांना कागदोपत्री शिक्षक करून सरकारी तिजोरीतून पगार काढल्याचा आरोप, अधिकाऱ्यांना अटक, विशेष तपास पथक, सगळं झालं. आयडी खरा, पगार खरा, शिक्षकाचाच तेवढा पत्ता नाही, असा मामला म्हणे बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही. आता नवीन समित्या नेमतील, नवीन पोर्टल काढतील. माझं म्हणणं, ती फाईल एकदा अण्णांकडे पाठवा. ते चष्मा पुसतील, शाळेचं नाव वाचतील आणि विचारतील, “पोरगा परमनंट आहे म्हणता, मग ऑर्डर का दाखवत नाही?”