एकास दोनास चार

लवळ्याला दोन विद्यापीठं आहेत. सिंबायोसिस डोंगरमाथ्यावर, फ्लेम डोंगराच्या कुशीत. एवढी विद्या आसपास असताना एखाद्याला साधं गुणोत्तर येऊ नये, याला कर्तृत्व लागतं, आणि ते माझ्यात आहे.

त्याचं असं झालं, की मुळशीचा पाऊस एकदा लागला की आमच्या अंगणात स्कूटर लावण्यापेक्षा इंद्रायणी लावणं जास्त शहाणपणाचं ठरतं, म्हणून यंदा पावसाआधी दारापुढे सहा बाय सात फुटांत चार इंच काँक्रीट टाकून घ्यायचं आम्ही, म्हणजे हिने, ठरवलं. गवंडी आला, पावलांनी जागा मोजली, "काका, एकास दोनास चार, अठ्ठावीस घमेली माल बसंल," म्हणाला आणि भाचीच्या लग्नाला निघून गेला. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. इंजिनिअर मंडळी याला एम-१५ म्हणतात. मी जन्मभर बँकेत लोकांचं व्याज काढलेलं, मी काय घमेल्यांना घाबरणार? सिमेंट पिरंगुटहून आणलं आणि गवंड्याची वाट न बघता कागद-पेन्सिल घेऊन ओट्यावर बसलो.

सगळ्यात जास्त खडी, तेव्हा खडी २८, तिच्या निम्मी वाळू १४, तिच्या निम्मं सिमेंट ७. झालं की!

शेजारची नववीतली मुलगी तिथेच गुणोत्तर-प्रमाणाचा धडा करत बसली होती. तिने मान वाकडी करून माझा कागद पाहिला. "आजोबा, बेरीज ४९ होतेय." मग मला न दुखावता, म्हणजे फारसं न दुखावता, तिने सांगितलं की एक, दोन, चार ही घमेली नव्हेत, हे भाग आहेत, एका भागाला क्ष धरा, म्हणजे क्ष, दोन क्ष आणि चार क्ष मिळून सात क्ष, ते बरोबर २८, म्हणून क्ष बरोबर ४. सिमेंट ४, वाळू ८, खडी १६. बेरीज चोख २८.

मी इतका खूश झालो, की आत जाऊन हिला भास्कराचार्यांपासून सुरुवात केली. त्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, आणि विष्णूने जसं विश्व व्यापलंय तसं त्रैराशिकाने गणित व्यापलंय असं ते म्हणून गेलेत, वगैरे. ही भाजी निवडत होती. "मग विष्णूला सांगा चार घमेली उचलायला," म्हणाली.

विष्णू आला नाही. मीच खडी ओढली, वाळू ओढली, कमरेतून काहीतरी कट्कन वाजलं त्याकडे काणाडोळा केला, आणि पाण्याचं प्रमाण कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून बागेचा पाइप सढळ हाताने सोडला. पन्नास किलोच्या गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी पुरतं, हे मला पुढे समजलं. तोवर माझा माल अंगणातून आपणहून गेटकडे निघाला होता. त्याला थापीने अडवत, परतवत, चुचकारत मी पसरत गेलो आणि जागेचा एक तृतीयांश भाग कोरडा ठणठणीत उरलेला असताना घमेलं रिकामं झालं.

मी बेरीज पुन्हा केली. २८ च येत होती.

"अहो, शेंगदाण्यांच्या डब्यात वाटीभर रवा ओतला तर डबा वाटीभर चढतो का?" ही दारातून म्हणाली. रवा दाण्यांच्या फटींत बसतो, तशी वाळू खडीच्या फटींत बसते आणि सिमेंट वाळूच्या. गवंडी बोलला ती अठ्ठावीस घमेली कालवलेल्या मालाची होती. कोरडा माल त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, हिशेबाला १.५४ पट धरतात. म्हणजे लागत होती ४३ घमेली, आणि माझ्या २८ ची कालवून झाली जेमतेम १८.

त्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर आणखी एक भागाकार केला आणि गप्प बसली. मी डोकावलो. माझी ती पहिली, चुकलेली, ४९ घमेली कालवली असती तर ३२ भरली असती. सगळी जागा भरून वर चार उरली असती.

"पण परीक्षेत तुम्हाला शून्यच मिळालं असतं हं, आजोबा," ती म्हणाली.

लग्न आटोपून गवंडी आला. माझ्या कामावर त्याने टाच दाबली, ती आत गेली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, नवं करायचं असतं तर दोन हजार मजुरी घेतली असती. आता तुमचं हे आधी फोडायचं, मग करायचं, तर तीन होतील."

दोनास तीन. हे मात्र मी क्ष न धरता सोडवलं.