आपला हातपंप तारांकित कसा करावा
(केळापूर तालुक्यातील होतकरू तक्रारदारांसाठी मार्गदर्शिका)

पांढरकवड्याच्या आसपास हातपंप बंद पाडायला कौशल्य लागत नाही. तो आपापला पडतो. त्याची तक्रार करायलाही एक कोरा कागद पुरतो. पण त्याच हातपंपावर मंत्रिमहोदयांना सभागृहात उभं राहून बोलायला लावायचं असेल, तर मात्र शास्त्र शिकावं लागतं. ते येथे पायरीपायरीने दिले आहे. पुढचे पोड (म्हणजे कोलामांची वस्ती) आणि त्यावरचा हातपंप नमुन्यादाखल घेतले आहेत. ते ओळखीचे वाटल्यास लेखकाचा नाइलाज आहे.

पायरी १ : मुहूर्त

प्रश्न तिन्ही अधिवेशनांत विचारता येतो, पण आपल्याला मानवतं ते हिवाळी. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घेण्याचं ठरलं. मुंबई आपल्यापासून सातशेच्या वर किलोमीटर. नागपूर हैदराबाद रोडने दीडशेच्या आसपास. सकाळी निघालं तर सरकारला भेटून रात्री जेवायला घरी. २०२० आणि २०२१ साली हिवाळी अधिवेशन मुंबईलाच झालं, तेव्हा विदर्भाचे प्रश्नही मुंबईनेच विचारले. अशा वर्षी हातपंपाने दम धरावा.

पायरी २ : मसुदा

प्रश्न आपण विचारू शकत नाही, आमदारच विचारतात. पांढरकवडा आर्णी मतदारसंघात येतं, तेव्हा कागद तिथल्या आमदारांच्या पीएपर्यंत पोचवावा. "भाऊ, पोडावर पाणी नाही जी" ही भाषा सचिवालयाला कळत नाही. ती अशी वळवून घ्यावी :

"केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावरील हातपंप बंद असल्याबाबत. सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) उक्त पोडावरील एकमेव हातपंप बंद असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

यातला "वा त्यादरम्यान" कधीही गाळू नये. महाराष्ट्रात कोणतीही गोष्ट नेमक्या दिवशी घडत नाही. "निदर्शनास आले" म्हणजे कोणाच्या, हेही लिहायचं नसतं. बायांच्या निदर्शनास ते मार्चमध्येच आलेलं असतं, पण त्यांचं निदर्शन ग्राह्य नाही.

पायरी ३ : तारा लावणे

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला छापील उत्तर मिळतं, आणि ते येईपर्यंत पोडावरची एखादी मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली असते. म्हणून तारा हवाच. तो जमला नाही तर लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा अशी इतर आयुधं आहेत. "आयुध" हा विधिमंडळातलाच शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये. आपल्याच जिल्ह्याचे जांबुवंतराव धोटे यांनी सभागृहात पेपरवेट भिरकावला आणि आमदारकी गमावली.

उपप्रश्नाचा हक्क पूर्वजांनी झगडून मिळवलेला आहे, तो वाया घालवू नये. जगातला पहिला संसदीय प्रश्न १७२१ साली ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात विचारला गेला. विषय होता, साउथ सी कंपनीचा पळून गेलेला खजिनदार परदेशात पकडला गेला हे खरे आहे काय. विषयात फारसा फरक पडलेला नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. हिंदुस्थानात कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्नाचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला, पण उत्तर आलं की मुकाट्याने खाली बसायचं. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारायला १९०९ साल उजाडावं लागलं. हल्ली उलट आहे. आपला हातपंप पुकारला की राज्यभरातले सदस्य हात वर करतात, "अध्यक्ष महोदय, याच अनुषंगाने माझ्या मतदारसंघातला साकव…" आणि पोडावरचं पाणी पाहता पाहता कोकणात उतरतं.

पायरी ४ : कागदाचा परतीचा प्रवास

ही पायरी सर्वांत मोलाची. सराईत लोकही ती विसरतात. विधानमंडळ सचिवालयाने प्रश्न स्वीकारला की तो विभागाकडे जातो, विभागातून कार्यासनाकडे, तिथून जिल्हा परिषदेकडे, जिल्हा परिषदेतून पंचायत समितीकडे. म्हणजे जो कागद आपण कित्येक महिने खालून वर ढकलत होतो आणि जो सरकत नव्हता, तो आता वरून खाली येतो. उतारावर त्याला चांगलाच वेग येतो.

पंचायत समितीत त्या दिवशी काय होतं, तेही जाणून घ्यावं. फोन वाजतो. पलीकडून एकच शब्द येतो, "एलएक्यू आहे." विधानसभेचा प्रश्न असा याचा अर्थ, पण ऐकणारा खुर्चीतून उठतो तो अर्थामुळे नव्हे. "आजच्या आज माहिती पाठवा. निरंक चालणार नाही." दुपारपर्यंत हातपंप दुरुस्ती पथकाची गाडी निघते. डिझेल नव्हतं, ते निघतं. वॉशर शिल्लक नव्हते, तेही निघतात.

गाडी पोडावर पोचते तेव्हा आजी गुंड घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघालेली असते.

"काऊन गा, आज कसे काय आले?"

"माय, तुह्या बोरिंगचं नागपुरात नाव निघालं."

तासाभरात पाणी येतं. ते आजीच्या गुंडात पडायच्या आधी त्याचा जिओ टॅग फोटो काढला जातो. एका हाताने दांडा मारणारा मेकॅनिक, मागे दोन पोरं, कोपऱ्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश. फोटो वर जातो, आणि कार्यासन समाधानाने उत्तर टंकतं :

"(१) हे खरे नाही.
(२) ते (४) प्रश्न उद्भवत नाही."

नवशिक्या तक्रारदाराला इथे संताप येतो. संतापू नये. उत्तर अक्षरशः खरं आहे, आणि ते खरं व्हावं यासाठीच पंप दुरुस्त झाला. प्रश्नाचं फळ उत्तरात शोधणारा माणूस कायम उपाशी राहतो. फळ असतं ते प्रश्न स्वीकारल्यापासून उत्तर छापेपर्यंतच्या मुदतीत, आणि त्याच मुदतीत पिंपं भरून घ्यावीत.

पायरी ५ : उत्तर वाचणे

"अंशतः खरे आहे" म्हणजे पूर्ण खरे आहे. "तपासून घेऊ" म्हणजे तपासलेलं आहे. "सकारात्मक विचार सुरू आहे" यात फक्त क्रियापद खोटं असतं. "माझ्या दालनात बैठक लावतो" हे ऐकलं की टाळ्या पडतात. बैठकीला चहा चांगला असतो. मंत्र्यांनी स्पष्ट शब्दांत आश्वासन दिलंच, तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. शब्द पाळले गेले की नाही हे बघायला कायमची समिती लागते, यावरून शब्दांचा पुरवठा किती असेल याचा अंदाज बांधावा.

पायरी ६ : पैसा

इथे रक्कम ऐकून माघारी फिरू नये, खिसा विचारावा. डिसेंबर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपली कपाशी खाल्ली, नागपूरचं अधिवेशन गाजलं आणि कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी मदत जाहीर केली : कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. इकडे पानठेल्यावर लगेच एकरांचा गुणाकार सुरू झाला. बेरीज मात्र अशी होती : कोरडवाहूच्या रकमेत ६,८०० आपत्ती निधीचे, ८,००० पीकविम्याचे आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून मिळायचे. म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम अशांच्या नावावर, ज्यांना त्या सभागृहात ना जागा होती ना प्रश्न विचारता येत होता. घोषणा मात्र एकाच तोंडून, एकाच आकड्यात झाली.

पुरवणी मागण्यांनाही हाच नियम लावावा. नागपुरात डिसेंबर २०२३ मध्ये ५५,५२० कोटींच्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. एवढी शून्यं पाहून माणूस नमस्कार करतो; त्याऐवजी आपल्या ओळीचं लेखाशीर्ष शोधावं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात हेच केलं. अंदाजपत्रकातली शिलकी बाजू म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवून दाखवलं. गोखले गणिताचे मास्तर होते. आपल्याकडे गोखले नसल्यास पोडावरचा बारावी झालेला मुलगा आणि कॅल्क्युलेटर चालेल. महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडतात, सदस्यांच्या बॅगा भरून झालेल्या असताना. तो आपण निवांत वाचावा. आपल्याला कुठे गाडी पकडायची असते?

पायरी ७ : पुढचं अधिवेशन

काही दिवसांनी पंप पुन्हा बंद पडेल. वॉशर घाईत बसवलेले असतात. तेव्हा जुनाच मसुदा नवी तारीख घालून पाठवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण "हे खरे आहे काय" ला सरकारकडे "नाही" हे तयार उत्तर आहे, आणि ते खरं करून दाखवायला एक गाडी आणि एक फोटो पुरतो. या खेपेला मागचं उत्तरच सोबत जोडावं आणि एवढंच विचारावं :

"उक्त हातपंप बंद असल्याचे 'खरे नाही' हे कोणत्या तारखेपासून खरे नाही, त्या तारखेस दुरुस्तीवर किती रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून खर्च झाली, आणि त्यापूर्वीच्या महिन्यांत त्याच लेखाशीर्षातील रक्कम कोठे होती?"

यात कुठेही "असल्यास" नाही, "नसल्यास" नाही, आणि "वा त्यादरम्यान" तर नाहीच.