साडेआठचे पावणेदोन

भाच्याला जर्मनीत एमएस करायचंय. दहापैकी साडेआठ सीजीपीए घेऊन तो तिकडच्या सूत्रात शिरला आणि पावणेदोन होऊन बाहेर आला. तिकडे १ म्हणजे अव्वल, ४ म्हणजे काठावर पास. हे त्याच्या आजीच्या गळी उतरेपर्यंत घरात दोन दिवस सुतक होतं.

मग शिफारसपत्र. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." पोराने स्वतःला तीनदा ‘विनम्र’ म्हणवून घेतलं. सरांनी न वाचता शिक्का मारला, तोही उलटा.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. तेव्हा मी आणि मी एकच, असं स्टॅम्पपेपरवर शपथपूर्वक सांगणं आलं. कागदपत्रं खरी की खोटी, ही एपीएसची पडताळणी आणखी वेगळी; तिचे पैसे अर्थातच आधी.

‘तिकडे शिक्षण फुकट’ हे दाजींनी सोसायटीभर सांगून झालं होतं. आता व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायचेत. पैसे आपलेच, पण हातात पडणार महिन्याला ९९२. आजीला एवढं मात्र लगेच पटलं. दाजी कॉलेजात असताना तीही त्यांच्याच शिष्यवृत्तीतले पैसे डब्यातून मोजून द्यायची.